हलकी पांढरी वाईन आणि मुंबईचा उन्हाळा

हलकी ड्राय पांढरी वाईन वर्षानुवर्षे साठवून सुधारत नाही. बाटलीत भरली जाते तेव्हाच ती पिण्याजोगी झालेली असते. पुढचे वर्ष-दोन वर्षे तिचा बहर टिकतो आणि नंतर ती उतरणीला लागते. या नियमाला अपवाद आहेत. त्यातले काही फार सुंदर आहेत आणि ते का घडतात हे समजून घेण्यासारखे आहे. पण दादरच्या किंवा गिरगावच्या वाईन शॉपमधून घरी येणाऱ्या शंभर बाटल्यांपैकी जवळपास सगळ्या नियमातच बसतात.

हलकी म्हणजे मद्यार्काचे प्रमाण साधारण 11 ते 13 टक्के असलेली, लाकडी पिंपात न मुरवता स्टीलच्या टाकीत थंड तापमानात आंबवलेली आणि फळाचा ताजा वास राखण्यासाठीच केलेली वाईन. ड्राय म्हणजे द्राक्षातली साखर यीस्टने जवळजवळ संपवलेली, लिटरमागे चार ग्रॅमच्या आतबाहेर उरलेली. महाराष्ट्रात या वर्णनाला सर्वांत नेमकी लागू पडते ती नाशिकची सॉव्हिन्यॉन ब्लां. शेनिन ब्लांही पुष्कळ होते, पण इथे ती बहुधा किंचित गोडसर ठेवली जाते.

‘जुनी तितकी चांगली’ ही समजूत दोन ठिकाणांहून आली आहे. एक व्हिस्कीकडून. बाटलीवर 12 वर्षे, 18 वर्षे असे आकडे छापलेले असतात, पण ती वर्षे ओकच्या पिंपातली असतात. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही, आणि कपाटात आणखी दहा वर्षे ठेवली म्हणून 12 वर्षांची व्हिस्की 22 वर्षांची होत नाही. दुसरी वाट बोर्दोसारख्या लाल वाईनची. त्यांत द्राक्षाची साल आणि बिया रसाबरोबर भिजवल्यामुळे टॅनिन भरपूर उतरते, ते ऑक्सिजन झेलते आणि वर्षे सरतील तसे मऊ होत जाते. पांढऱ्या वाईनमध्ये द्राक्ष चिरडल्यावर साल लगेच वेगळी करतात. टॅनिनचे हे कवच तिला मिळतच नाही. तिच्याजवळ आम्ल असते, थोडा सल्फर डायऑक्साइड असतो आणि बूच किंवा झाकण जितकी हवा अडवेल तितका आधार असतो.

महाराष्ट्रात ही वाईन फार जुनी नाही. मुंबई दारूबंदी कायदा 1949 सालचा. त्याच्या छायेत पुढची काही दशके या शहरात वाईन साठवण्याची घरगुती परंपरा रुजण्याचे कारणच नव्हते. 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज समूहाने फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाईन केली आणि तिचे नाव परदेशातही पोचले. नाशिकची खरी सुरुवात त्यानंतरची. राजीव सामंत यांच्या सुला विनयार्ड्सची पहिली वाईन 2000 साली बाजारात आली. त्याआधी नाशिकच्या बागा म्हणजे खाण्याची द्राक्षे, त्यातही थॉमसन सीडलेस. सॉव्हिन्यॉन ब्लां आणि शेनिन ब्लां या वाईनच्या जाती तिथे लावणे हेच धाडस होते. 2001 साली राज्याचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आले, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क उभे राहिले, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नाशिक, दिंडोरी, निफाड, तिकडे अकलूज, अशी नावे बाटल्यांवर दिसू लागली.

नाशिकच्या द्राक्षाचे वर्ष युरोपच्या वर्षासारखे चालत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पावसाळ्यात वेलीवर फळ धरत नाहीत. फळ वाढते ते हिवाळ्यात, आणि तोडणी जानेवारी ते मार्चच्या दरम्यान होते. निफाडचा पारा थंडीत पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याची बातमी दर दोन-तीन वर्षांनी मुंबईच्या वर्तमानपत्रांत येते. ती कडाक्याची रात्र द्राक्षातले आम्ल आणि वास राखते. दिवसाचे ऊन मात्र कडक असते, आणि फेब्रुवारी सरता सरता ते आम्ल झपाट्याने खाऊन टाकते. म्हणून तोडणी पहाटे किंवा रात्री करायची, माल गार असतानाच वायनरीत आणायचा, रस थंड टाकीत आंबवायचा आणि थोड्याच महिन्यांत बाटली भरून मोकळे व्हायचे, अशी ही सगळी घाई असते. त्या घाईला अर्थ आहे. ही वाईन बनवणारा पहिल्या दिवसापासून ताजेपणाच्या मागे असतो. बाटलीत नंतर काय उमलेल याचा हिशेब त्याने धरलेलाच नसतो.

त्या ताजेपणाचे रसायन बरेचसे उलगडले आहे. सॉव्हिन्यॉन ब्लांच्या ग्लासातून पेरू, पॅशन फ्रूट, पपनस यांचे जे वास येतात त्यांमागे थायॉल नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात, तीही इतक्या अल्प प्रमाणात की एका लिटरमध्ये ती नॅनोग्रॅममध्ये मोजावी लागतात. त्यातले पॅशन फ्रूटच्या वासाचे द्रव्य एक अॅसिटेट आहे. वाईनमधल्या पाण्याशी आणि आम्लाशी त्याची क्रिया होऊन ते हळूहळू फुटते आणि पपनसाच्या वासाचे, काहीसे मंद द्रव्य मागे राहते. बाटली बंद असली, हवा अजिबात आत गेली नसली तरी हे होतेच. कोवळ्या पांढऱ्या वाईनमधला केळ्यासारखा, पिअरसारखा वास देणारी एस्टर द्रव्येही याच वाटेने जातात. थंड तापमानात आंबवल्यामुळे ती मोठ्या प्रमाणात तयार झालेली असतात, आणि उबेत ती तितक्याच वेगाने फुटतात.

ढोबळी मिरचीचा, ओल्या गवताचा हिरवा वास मात्र वेगळ्या द्रव्यांचा. मेथॉक्सिपायरझिन नावाची ही द्रव्ये टिकाऊ असतात. त्यामुळे तीन-चार वर्षे उबेत राहिलेली सॉव्हिन्यॉन ब्लां उघडली की एक विचित्र असमतोल जाणवतो. पेरू आणि पपनस निघून गेलेले असतात आणि हिरवा वास एकटाच मागे राहिलेला असतो, डब्यातल्या वाटाण्यासारखा शिळा. वाईन खराब झालेली नसते, प्यायल्याने कुणाला काही होत नाही, पण ज्यासाठी ती केली ते तिच्यात उरलेले नसते. ‘टिकली’ आणि ‘सुधारली’ यांत हा फरक आहे, आणि जुन्या बाटलीबद्दलचे निम्मे गैरसमज हा फरक न केल्यामुळे होतात.

दुसरा शत्रू ऑक्सिजन. वाईनमधली फिनॉल जातीची द्रव्ये लोह आणि तांब्याच्या सूक्ष्म अंशांच्या मदतीने ऑक्सिजनशी जोडली जातात. त्यातून रंग गडद करणारी द्रव्ये तयार होतात, आणि बाजूने हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होऊन तो मद्यार्काचे अॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करतो. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास तो हाच. बाटली भरताना घातलेला सल्फर डायऑक्साइड या साखळीत मध्ये पडतो आणि स्वतः खर्ची पडतो. तो संपला की अडवणारे कुणी राहत नाही.

हा सल्फर डायऑक्साइड किती उपयोगी पडेल ते वाईनच्या सामूवर ठरते. सामू 3.0 असेल तर लिटरमागे सुमारे 13 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडने जे संरक्षण मिळते, त्यासाठी सामू 3.5 असताना 40 मिलिग्रॅम लागतो. उष्ण प्रदेशातल्या द्राक्षात आम्ल कमी आणि सामू जास्त असतो, म्हणून वाईनकार टार्टारिक आम्ल घालून तो खाली आणतात. आम्लाचे महत्त्व केवळ जिभेवरच्या आंबटपणापुरते नाही. कमी सामूची वाईन तेवढ्याच सल्फरमध्ये कितीतरी जास्त काळ तग धरते, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या अपवादांची किल्ली इथेच आहे.

ऑक्सिजनने हरलेल्या पांढऱ्या वाईनची एक खूण मराठी नाकाला ओळखायला सोपी जाते. सोटोलॉन नावाचे एक द्रव्य अशा वाईनमध्ये तयार होते. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असले तरी ते जाणवते. मेथीच्या दाण्याला त्याचा वास देणारे मुख्य द्रव्यही हेच. एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला बाजारात, वर्षाचा मसाला भाजून कुटून घ्यायला गर्दी होते तेव्हा मिरची-धण्यांच्या मागे जो कडसर-गोड मेथीचा वास दरवळतो, तोच रेणू बिघडलेल्या सॉव्हिन्यॉन ब्लांच्या ग्लासातून वर येतो. त्याच्या जोडीला कधी मधाचा, कधी उकडलेल्या बटाट्याचा वास येतो. त्यांचीही द्रव्ये वेगवेगळी ओळखली गेली आहेत. शेरीसारख्या किंवा फ्रान्सच्या जुराच्या पिवळ्या वाईनमध्ये सोटोलॉन हवेसे असते, तिथे ते मुद्दाम येऊ दिले जाते. हलक्या पांढऱ्या वाईनमध्ये ते आले म्हणजे तिचा काळ संपला.

बाटलीचे तोंड कशाने बंद केले यावर किती फरक पडतो हे ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाने डोळ्यांनी पाहता येईल असे दाखवले. ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटने क्लेअर व्हॅलीतली 1999 सालची एकच सेमियाँ वाईन 14 प्रकारच्या बुचांनी आणि झाकणांनी बंद करून ठेवली. वाईन तीच, भरण्याचा दिवस तोच, खोली तीच. काही वर्षांनी बाटल्या रांगेत लावून छायाचित्र काढले. स्क्रू कॅपची बाटली फिकट पिवळी राहिली होती. काही कृत्रिम बुचांखालची वाईन चहासारखी तपकिरी झाली होती, आणि नैसर्गिक बुचांच्या बाटल्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होत्या. हे छायाचित्र पुढे जगभर वाईन शिकवणाऱ्यांच्या वर्गात पोचले. क्लेअर व्हॅलीतल्या उत्पादकांनी 2000 सालच्या हंगामापासून आपली रीझलिंग स्क्रू कॅपमध्ये भरायला घेतली. नाशिकच्या पांढऱ्या वाईनही आज बहुतांशी स्क्रू कॅपमध्येच येतात. स्क्रू कॅप म्हणजे स्वस्त माल ही समजूत ग्राहकांत अजून आहे. ती चुकीची आहे. हलक्या पांढऱ्या वाईनला याहून चांगले झाकण नाही.

हवा अशी अडवता येते. उष्णता अडवणे मुंबईत फार अवघड.

रासायनिक क्रियांबद्दल एक ढोबळ हिशेब नेहमी वापरला जातो: तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. युरोपात वाईन साठवण्यासाठी आदर्श मानलेले तापमान 12-13 अंश. मुंबईचे वर्षाचे सरासरी तापमान 27 अंशांच्या आसपास. म्हणजे या शहरात बाटलीतल्या क्रिया जवळपास तिप्पट वेगाने चालतात, आणि तळघरात पाच वर्षांत होणारे बदल इथे दोन वर्षांच्या आत उरकतात. बरे, हे नुसते ‘लवकर मुरणे’ही नव्हे. सगळ्या क्रियांचा वेग सारख्या पटीने वाढत नाही. रंग गडद होण्याच्या क्रिया उष्णतेला इतर काही क्रियांपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. त्यामुळे मुंबईच्या कपाटात दोन वर्षे राहिलेली वाईन फ्रेंच तळघरात पाच वर्षे राहिलेल्या वाईनसारखी लागत नाही. तिचा फळाचा वास गेलेला असतो आणि त्याच्या जागी यायला हवे ते सावकाश येणारे काही आलेले नसते.

तळघर असते तर काय झाले असते, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. गिरगाव-परळच्या चाळींना तळघरे नसतात, आणि भरावाच्या जमिनीत थोडे खणले की पाणी लागते ही एक अडचण झाली. खरी अडचण भौतिकशास्त्राची आहे. जमिनीत काही मीटर खाली गेल्यावर तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर राहते, आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असते. शांपेनच्या खडूच्या बोगद्यांत म्हणूनच दहा-बारा अंश मिळतात. मुंबईत तितकेच खोल खणले तर 27-28 अंश मिळतील. थंड तळघर ही थंड प्रदेशाला फुकट मिळालेली देणगी आहे. इथे ती यंत्राने विकत घ्यावी लागते.

प्रत्यक्ष घरात बाटली कुठे राहते ते पाहिले की चित्र आणखी स्पष्ट होते. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत किंवा गिरगावच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जादा सामानाची जागा म्हणजे माळा, आणि माळा बहुधा स्वयंपाकघराच्या अंगालाच असतो. दिवाळीत ऑफिसातून भेट आलेला खोका तिथे जातो. खाली गॅस पेटतो, वाफ आणि गरम हवा वर चढते. वरचा मजला असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब किंवा कौले संध्याकाळनंतरही उष्णता खाली सोडत राहतात. मे महिन्यात दिवसा 33-34 अंश आणि रात्रीही 27 अंशांच्या खाली क्वचितच उतरणारा पारा, ही बाहेरच्या हवेची गोष्ट झाली. माळ्यावर त्याहून जास्त. दिवाळी ते पुढची दिवाळी एवढ्या काळात त्या बाटलीचे जे व्हायचे ते होऊन जाते. बूच असेल तर आणखी एक गोष्ट घडते: गरम होऊन वाईन फुगते, बूच किंचित वर ढकलले जाते, थंड झाल्यावर आकसते आणि थोडी हवा आत ओढते. बुचाच्या कडेला चिकट ओघळ दिसला तर हे झालेले आहे असे समजावे.

उजेडाचे नुकसान वेगळे आणि फार जलद. पांढऱ्या वाईनमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, अल्प प्रमाणात असते. निळसर आणि अतिनील प्रकाशात त्याची मेथिओनिन या अमिनो आम्लाशी क्रिया होऊन शिजलेल्या कोबीसारखा वास देणारी गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात. पारदर्शक काचेची बाटली ट्यूबलाइटसमोर ठेवली तर याला महिने लागत नाहीत, दिवस पुरतात. हिरवी काच बरेच वाचवते, पण सगळे नाही.

मुंबईची उष्णता सोसणारी पांढऱ्या द्राक्षाची एक वाईन मात्र इतिहासात होती, आणि ती याच बंदरात भरपूर उतरली. अटलांटिक महासागरातल्या मदीरा बेटाची वाईन ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रजांची आवडती होती. जहाजाच्या तळाशी पिंपांत भरलेली ही वाईन विषुववृत्त ओलांडून येताना महिनोन्महिने तापत असे, आणि त्या तापण्याने ती सुधारते असे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. समुद्रप्रवास करून परत आलेल्या पिंपांना जास्त किंमत मिळू लागली, आणि पुढे बेटावरच वाईन मुद्दाम तापवण्याची पद्धत पडली. मदीरात द्राक्षापासूनचे स्पिरिट घालून मद्यार्क 17 ते 20 टक्क्यांवर नेलेला असतो, आम्ल तीव्र असते, आणि ऑक्सिजन व उष्णता यांनी जे बिघडायचे ते बनवतानाच होऊन गेलेले असते. हलक्या वाईनजवळ यातले काहीच नाही. अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ 1830च्या दशकात मुंबईत मिळू लागला. तोवर इथल्या हवेत हलकी पांढरी वाईन थंड करून पिणेही दुरापास्त होते, साठवणे तर दूरच. गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या वस्त्यांतल्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी मनुकांची जी वाईन करतात ती टिकते, पण ती गोड असते. तिच्यावरून ड्राय वाईनचा अंदाज बांधता येत नाही.

आता अपवादांकडे. सिडनीच्या उत्तरेला हंटर व्हॅली आहे. हा प्रदेश उष्ण आणि दमट, पांढऱ्या वाईनला काही आदर्श म्हणता येणार नाही असा. तिथे सेमियाँ जातीची द्राक्षे लवकर, आम्ल भरपूर असतानाच तोडतात. वाईनमध्ये मद्यार्क 10-11 टक्के, साखर नाही, ओक नाही, सामू तीनच्या जवळपास. म्हणजे हलकी आणि ड्राय या दोन्ही कसोट्यांना ती पुरेपूर उतरते. कोवळी असताना ती पाणचट-आंबट लागते, लिंबाच्या पाण्यापेक्षा फारसे काही देत नाही. आठ-दहा वर्षांनी उघडली तर तिच्यातून भाजलेला पाव, मध आणि सुक्या लिंबाच्या सालीचा वास येतो, आणि ओकच्या पिंपाला हात न लावता आलेल्या त्या खरपूस वासाने अनुभवी चाखणारेही चकतात. टिरल्स या जुन्या घराण्याची व्हॅट 1 सेमियाँ काही वर्षे बाटलीत ठेवूनच विक्रीला काढली जाते.

ही एक वाईन पूर्ण प्रश्नाची मांडणी बदलते. हलकेपणा आणि ड्रायपणा हे साठवणीच्या आड येत नाहीत. आड येते ते आम्लाचे दौर्बल्य, आणि कोवळेपणीच उधळून टाकण्यासाठी केलेला सुगंध. हंटर सेमियाँजवळ सुरुवातीला गमावण्यासारखा सुगंधच नसतो. तिचे वास काळाच्या ओघात, आम्लाच्या संथ क्रियेतून तयार होतात. जर्मनीची रीझलिंगही अशीच. तिच्यात वयाबरोबर येणारा रॉकेलसारखा वास टीडीएन या द्रव्याचा असतो, ते द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांपासून बनते, आणि जास्त ऊन खाल्लेल्या द्राक्षांत त्याची पूर्वद्रव्ये जास्त असतात. लॉइर नदीकाठच्या साव्हेनिएर आणि व्हूव्हरे इथली शेनिन ब्लां दशकेच्या दशके टिकते. जात तीच जी नाशिकला लावली जाते, पण आम्ल कितीतरी जास्त. आणि आम्ल असूनही खात्री नसते: बर्गंडीच्या महागड्या शार्दोने वाईन, ज्या पंधरा-वीस वर्षे टिकाव्यात अशी अपेक्षा असते, 1995-96च्या हंगामापासून अनेकदा सात-आठ वर्षांतच तपकिरी निघू लागल्या, आणि बुचे, सल्फर, रस काढण्याची पद्धत यांवरची चर्चा त्यानंतर थांबलेली नाही.

नाशिकला हंटर व्हॅलीचा मार्ग खुला आहे का? निफाड-दिंडोरीच्या थंड रात्री, लवकर तोडणी आणि स्क्रू कॅप यांच्या बळावर कमी मद्यार्काची, कडक आम्लाची शेनिन ब्लां करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य वाटत नाही. ओकच्या पिंपात काही काळ ठेवलेल्या शेनिन आणि शार्दोने महाराष्ट्रात होतातच, आणि थंड जागेत त्या तीन-चार वर्षे चांगल्या राहू शकतात. पण अशी वाईन करायची तर कुणालातरी ती पाच-सात वर्षे 13 अंशांत सांभाळून मग विकावी लागेल, आणि वीज व भांडवल अडकवण्याचा तो खर्च तिच्या किमतीत घालावा लागेल. हे काम वायनरीचे आहे. ग्राहकाच्या माळ्यावर ते होणार नाही.

तोवर हलक्या वाईनचा ताजेपणा हा दोष न मानता गुण मानणे शहाणपणाचे. नाशिक मुंबईपासून कसारा घाटामार्गे पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे. फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षाची वाईन त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दादरला मिळू शकते, जेव्हा युरोपात त्या वर्षीची द्राक्षे अजून वेलीवर असतात. इतकी ताजी पांढरी वाईन घराजवळ मिळण्याचे भाग्य जगात थोड्या महानगरांना आहे. तळलेल्या बोंबलावर किंवा सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळतात त्या जागी तिचे आम्ल काम करते, आणि ते काम ताजी वाईनच करू शकते.

म्हणून विकत घेताना पहिल्यांदा लेबलावरचे वर्ष पाहावे. हलकी ड्राय पांढरी वाईन चालू किंवा मागच्या वर्षाची असावी. तीन वर्षांपूर्वीची बाटली सवलतीत मिळत असेल तर ती सवलत कशामुळे आहे ते उघड आहे. दर्शनी काचेच्या कपाटात उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये, आतल्या खोक्यातली मागावी. काच पारदर्शक असेल तर बाटलीमागे पांढरा कागद धरून रंग पाहता येतो: फिकट गवती-पिवळा किंवा हिरवट झाक ठीक, सोनेरी-तपकिरी नको. ज्या दुकानात माल लवकर खपतो आणि एसी चालू असतो तिथली बाटली इतरांपेक्षा भरवशाची.

घरी आणल्यावर तिची जागा फ्रिजमध्ये. चार-पाच अंशांत बहुतेक क्रिया बऱ्याच मंदावतात आणि काही महिने ती तिथे सुखाने राहते. झाकण स्क्रू कॅपचे असेल तर आडवी ठेवण्याची गरज नाही. बूच असेल आणि महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर आडवी ठेवावी, नाहीतर फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आकसते. फ्रिजमध्ये जागाच नसेल तर निदान माळा आणि गॅसजवळची फळी टाळून, जमिनीलगत, भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात ती ठेवावी आणि मेच्या आधी संपवावी. जुन्या चाळींच्या जाड भिंतींची कपाटे या कामी नव्या इमारतींच्या पातळ भिंतींपेक्षा बरी.

फ्रिजमधून काढलेल्या बाटलीच्या तळाशी कधी साखरेसारखे चकाकणारे खडे दिसतात आणि वाईन बिघडली, काच पडली, अशा शंका येतात. ते टार्टारिक आम्लाचे पोटॅशियम क्षार असतात. थंडीत त्यांची विद्राव्यता घटते आणि ते तळाशी बसतात. वाईनला त्याने काहीही होत नाही, हळू ओतले की झाले. पिताना 8 ते 10 अंश तापमान योग्य, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवावी. मुंबईत याहून जास्त वेळ ठेवायची गरज पडत नाही. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ताजी राहते.

आणि माळ्यावरून निघालेल्या पाच वर्षांच्या बाटलीचे काय करावे? उघडून पाहावी. मेथी, मध, कापलेले सफरचंद असा वास आला तर ती पिण्यात आनंद नाही, पण अपायही नाही. चिकनच्या किंवा मशरूमच्या रश्श्यात तिचे आम्ल अजून कामाला येते, आणि शिजताना ते शिळे वास बरेचसे उडून जातात.